टॉर्च घेताना आधी झोत ठरवा, ल्युमेन नंतर बघा

रात्रीच्या पाळीची वीज आली की मोटर सुरू करायला निघणारा शेतकरी असो, की पावसाळ्यात राजगडाच्या वाटेला लागणारा ट्रेकर, टॉर्च मागवताना बहुतेकांचा हिशेब एकच असतो: ल्युमेनचा (एकूण उजेडाचा) आकडा मोठा, किंमत कमी, मागवून टाका. मग पहिल्याच रात्री तक्रार सुरू होते. अंगण लख्ख उजळतं, पण बांधापलीकडचं काही दिसत नाही. किंवा लांबच्या आंब्याची फांदी न् फांदी दिसते आणि पायापुढचा दगड दिसत नाही. टॉर्च बिघडलेली नसते. तिचा झोत त्या कामाचा नसतो.

खालचा क्रम मुद्दाम असा लावला आहे: आधी अंतर, मग झोत, त्यानंतर आकडे, मग सेल आणि शेवटी पैसे. उलट्या बाजूने सुरुवात केली की दुकानदार किंवा जाहिरात जे पुढे करेल तेच आपल्याला पटत जातं. म्हणून मोबाईल बाजूला ठेवा आणि आधी कागद घ्या.

## तयारी: कागदावर चार उत्तरं

१. जवळात जवळ काय बघायचं आहे, आणि लांबात लांब काय?
२. एका रात्रीत टॉर्च सलग किती वेळ चालू राहणार?
३. पाऊस, चिखल, पाण्यात पडणं यांपैकी काय होऊ शकतं?
४. ती कोण वापरणार? एकटे तुम्ही, की घरातली आजी, सालगडी, शाळकरी मुलगा, सगळेच?

चौथ्या प्रश्नाकडे कुणी लक्ष देत नाही, पण बटण कसं हवं आणि सेल कोणता हवा हे त्यावरच ठरतं. अंधारात तीनदा दाबून मग धरून ठेवायचं बटण आजीच्या हाती देऊन उपयोग नाही.

## टप्पा १: अंतर पावलांनी मोजा

रात्री अंतराचा अंदाज हमखास चुकतो. साठ मीटरवरचा उसाचा फड माणूस बेधडक 'दीडशे-दोनशे मीटर' सांगतो आणि त्या आकड्याची टॉर्च शोधतो. म्हणून दिवसा जा आणि पावलं मोजा. मोठ्या माणसाचं चालतं पाऊल साधारण पाऊण मीटरचं धरा, म्हणजे १०० पावलं ७५ मीटर झाली. दारापासून गोठा, गोठ्यापासून विहीर, विहिरीपासून डीपी, वाटेवरून फडाची कड, अशी सगळी अंतरं लिहून काढा.

काही नमुने देतो. जुन्नर-आंबेगाव-शिरूर पट्ट्यात उसाला पाणी द्यायला जाणाऱ्याला दोन अंतरं सांभाळावी लागतात: पायापुढचे ३ ते ५ मीटर सापासाठी, आणि फडाच्या कडेचे ५० ते ८० मीटर बिबट्यासाठी. रात्रीच्या ट्रेकला बहुतेक सगळं काम २ ते १० मीटरवर होतं. वाटेवरची खूण किंवा पुढच्या मंडळींची जागा बघायला ४०-५० मीटर पुरतात. कोकणात, गोव्यात घरापासून गोठ्यापर्यंत किंवा माडांमधून जाणाऱ्या पाणंदीला २०-३० मीटर खूप झाले. सोसायटीतल्या वाहनतळाला तर १५.

तपासा: कागदावर 'जवळ' आणि 'लांब' असे दोन आकडे मीटरमध्ये आले का? एकच आकडा असेल तर पुढे जाऊ नका. झोताची निवड या दोन आकड्यांवरच होते.

## टप्पा २: झोत ठरवा

कोणतीही टॉर्च भिंतीवर मारली की दोन गोष्टी दिसतात. मधे ठळक उजेडाचा गोळा आणि त्याच्याभोवती पसरलेला फिकट उजेड. लांबचं दिसतं ते गोळ्यामुळे. पायापुढचं आणि बाजूचं दिसतं ते कडेच्या उजेडामुळे. एकूण उजेड तेवढाच राहिला तर गोळा जितका आवळाल तितका उजेड लांब जाईल आणि तितकीच रुंदी हातची जाईल.

हे आकड्यांत पाहा. ६ अंशांचा अरुंद गोळा १०० मीटरवर साधारण साडेदहा मीटर रुंद पडतो, म्हणजे फडाची कड चाळायला उत्तम. पण तोच गोळा ३ मीटरवर जेमतेम फूटभर रुंद असतो. एवढ्या उजेडात बांधावरून चालणं धोक्याचं आहे, कारण गोळ्याच्या झगझगाटाने डोळे दिपतात आणि शेजारचा अंधार आणखी गडद वाटतो. उलट ६० अंशांचा पसरट झोत ३ मीटरवर सुमारे साडेतीन मीटर रुंदी उजळतो, पण ५० मीटरवर त्यात काहीच उरत नाही.

म्हणून तीन गट करा.

पसरट झोत. पुढे भिंगासारखी प्लास्टिकची दाणेदार काच असते, किंवा छोट्या डोक्यात तीन-चार एलईडी एकत्र बसवलेले असतात. घरकाम, तंबू, गोठा, गाडीची दुरुस्ती आणि १५-२० मीटरपर्यंतची वाट यासाठी.

मध्यम झोत. बोटभर खोल रिफ्लेक्टर (एलईडीभोवतीची उजेड परतवणारी वाटी), त्याचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत, एकच एलईडी. गोळ्याची कड मऊ असते आणि कडेचा उजेड भरपूर. एकच टॉर्च घ्यायची असेल तर दहापैकी आठ जणांना हीच लागते.

लांब झोत. डोकं रुंद, रिफ्लेक्टर खोल आणि आरशासारखा गुळगुळीत. धरणाची भिंत, मोठं शेत, नदीपलीकडचा काठ यासाठी. चालायला ही एकटी पुरत नाही.

डोक्याच्या व्यासावरूनही बरंच कळतं. जेवढा रिफ्लेक्टर रुंद आणि जेवढा एलईडीचा पिवळा चौकोन लहान, तेवढा झोत लांब जातो. इंचभर डोक्याची एलईडी टॉर्च 'एक किलोमीटर' फेकू शकत नाही. दीड-पावणेदोन इंच डोक्याची चांगली टॉर्च ३५०-४५० मीटरचा दावा प्रामाणिकपणे करू शकते.

सावध: पुढे-मागे सरकणारी झूम टॉर्च. दोन्ही झोत एकातच मिळतात म्हणून ही सर्वांत जास्त खपते. पण झोत आवळला की भिंगापर्यंत न पोचणारा उजेड डोक्याच्या आतच वाया जातो आणि भिंतीवर एलईडीचा चौकोनच उमटतो. त्या चौकोनाबाहेर कडेचा उजेड शून्य. शिवाय सरकणाऱ्या सांध्यातून पाणी आणि माती आत जाते. चिखलातल्या कामाला ही घेऊ नका.

## टप्पा ३: तीन आकडे, तिघांची कामं वेगळी

ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो कुठे जातो हे ल्युमेन सांगत नाही. तुलनेसाठी लक्षात ठेवा: जुन्या मोटारीच्या हेडलाइटमधला हॅलोजन बल्ब जवळच्या झोताला साधारण १००० ल्युमेन देतो. हातातल्या टॉर्चला ३०० ते ५०० सलग मिळाले तर शेतातली बहुतेक कामं निभावतात. ल्युमेन दुप्पट केले म्हणून डोळ्याला उजेड दुप्पट वाटत नाही, फरक त्याहून बराच कमी जाणवतो. ८०० आणि १००० यांत भेद करत बसू नका.

कँडेला म्हणजे गोळ्याच्या मध्याची तीव्रता. लांबचं दिसणं यावर ठरतं.

मीटर, म्हणजे खोक्यावर छापलेलं झोताचं अंतर, हे कँडेलावरूनच काढलेलं असतं. कँडेलाचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. २,५०० कँडेलाला १०० मीटर, १०,००० ला २०० मीटर, ४०,००० ला ४०० मीटर. अंतर दुप्पट हवं तर कँडेला चौपट लागतात, हे इथेच दिसतं.

आता महत्त्वाचं. टॉर्चचे आकडे मोजायच्या एफएल-१ या मानकात अंतर मोजतात ते ०.२५ लक्स (लक्स म्हणजे एखाद्या जागी पडणारा उजेड मोजायचं एकक) उजेड उरेपर्यंत, आणि हा उजेड साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा असतो. चांदण्यात फडाच्या कडेला काहीतरी उभं आहे एवढं कळतं. ते कुत्रं की बिबट्या, हे कळत नाही. निम्म्या अंतरावर चौपट, म्हणजे १ लक्स उजेड मिळतो, आणि तिथे ओळख पटू लागते. म्हणून खोक्यावरच्या मीटरना सरळ दोनाने भागा. खात्री हवी असेल तर तिनाने. तुमचं लांबचं अंतर ८० मीटर असेल, तर छापील १६० ते २४० मीटरची टॉर्च घ्या. त्यापेक्षा जास्त घेतलीत तर पायापुढचा उजेड गमावाल.

झोताचा गट आकड्यांवरून ओळखायची एक सोपी रीत आहे: कँडेलाला ल्युमेनने भागा. उत्तर ५ च्या खाली आलं तर पसरट, ५ ते १५ आलं तर मध्यम, ३० च्या वर गेलं तर लांब झोत. मधल्या उत्तरांना दोन्हींचे थोडे-थोडे गुण-दोष. १००० ल्युमेन आणि १०,००० कँडेला म्हणजे उत्तर १०, मध्यम झोत, छापील २०० मीटर. हा ठोकताळा आहे, पण फोटो आणि जाहिरातीतल्या शब्दांपेक्षा भरवशाचा.

तपासा: ज्या टॉर्चवर फक्त ल्युमेन आहेत, कँडेलाही नाहीत आणि मीटरही नाहीत, ती यादीतून काढा. झोत कळायला दुसरा मार्गच उरत नाही.

चालण्याच्या वेळेच्या आकड्यातही एक मेख आहे. त्याच मानकात टॉर्च सुरू केल्यावर ३० सेकंदांनी मोजणी सुरू होते आणि उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत वेळ धरतात. म्हणजे '१००० ल्युमेन, ३ तास' असं छापलेलं असलं तरी टॉर्च पहिली काही मिनिटंच १००० देत असेल आणि पुढचे तास ३०० वर काढत असेल. हे खोटं नाही. मुठीत मावणारी अॅल्युमिनियमची टॉर्च हाताला चटका न देता सलग ५०० ल्युमेनच्या आसपासच टिकते, म्हणून सर्किट स्वतःच उजेड उतरवतं. वेळेचा आलेख दिला असेल तर तो बघा आणि सपाट भाग किती ल्युमेनवर आहे ते लिहून घ्या. तुमची खरी टॉर्च तेवढीच.

## टप्पा ४: खोटा आकडा दोन मिनिटांत पकडा

यासाठी एक गुणाकार पुरतो. सेलचे व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॅट-तास. चांगली एलईडी टॉर्च सगळी गळती धरून दर वॅटला साधारण १०० ल्युमेन देते. म्हणून:

- १८६५० चा (टॉर्चमधला नेहमीचा लिथियम सेल) चांगला सेल: ३.६ व्होल्ट × ३.५ = सुमारे १२.६ वॅट-तास, म्हणजे जवळपास १२५० ल्युमेन-तास. ३०० ल्युमेनवर चार तास, १००० वर सव्वा तास.
- २१७०० चा (त्याहून मोठा लिथियम सेल) ५००० एमएएच, म्हणजे ५ अँपिअर-तासांचा सेल: सुमारे १८ वॅट-तास, म्हणजे १८०० ल्युमेन-तास.
- घड्याळाला लागतो त्या आकाराचा २००० एमएएचचा रिचार्जेबल सेल: २.४ वॅट-तास. दोन टाकले तरी ५०० ल्युमेन-तासही भरत नाहीत.
- ४ व्होल्ट, १ अँपिअर-तासाची लेड-अॅसिड बॅटरी, जी स्वस्त प्लास्टिक टॉर्चमध्ये असते: ४ वॅट-तास, म्हणजे फार तर ४०० ल्युमेन-तास.

आता एका १८६५० सेलवर '१०,००० ल्युमेन, ५ तास' असा दावा ताडून बघा. त्याला ५०,००० ल्युमेन-तास लागतील आणि सेलमध्ये आहेत साडेबाराशे. 'एक लाख ल्युमेन'ला तर १००० वॅट हवेत, म्हणजे घरच्या इस्त्रीएवढी वीज, आणि तीही मुठीएवढ्या नळीतून. असा दावा करणारा विक्रेता बाकीच्या गोष्टींतही खरं सांगेल अशी आशा ठेवू नका; ते पान बंद करा.

## टप्पा ५: सेल. सर्वांत जास्त फसवणूक इथे होते

टॉर्च चांगली आणि सेल वाईट, ही जोडी घराघरात आहे. १८६५० या नावातच माप आहे: १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. बाजारात सर्रास मिळणाऱ्या अस्सल सेलची क्षमता ३५००-३६०० एमएएचच्या पुढे जात नाही. '९९०० एमएएच' किंवा '६८०० एमएएच' छापलेला १८६५० दिसला की तो नकलीच समजा. त्याच्या आत बहुधा जुन्या लॅपटॉपमधून काढलेला सेल असतो, वर नवं वेष्टन चढवलेलं.

वजन करा. अस्सल १८६५० चं वजन ४५ ते ५० ग्रॅम भरतं. गावातल्या किराणा दुकानाच्या डिजिटल काट्यावरही हे कळतं. ३०-३५ ग्रॅम दाखवलं तर आत माल कमी आहे आणि उरलेली जागा कशाने तरी भरली आहे.

घेताना हे बघा:

- वेष्टनावर सॅमसंग, एलजी, पॅनासॉनिक, मुराटा, मोलिसेल असं नाव आणि मॉडेल क्रमांक आहे का. नाव नकली असू शकतं, म्हणून वजन तरीही करा.
- भारतात विकायच्या लिथियम सेलला आयएस १६०४६ हे मानक लागू आहे. तो क्रमांक आणि 'आर'ने सुरू होणारा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक शोधा.
- टॉर्चला सपाट टोकाचा सेल लागतो की उंचवटा असलेल्या टोकाचा, हे माहितीपत्रकात वाचा. संरक्षक सर्किट असलेला सेल तीन-चार मिलिमीटर लांब असतो आणि काही टॉर्चमध्ये बसतच नाही.
- दोन सेलची टॉर्च असेल तर दोन्ही एकाच वेळी घेतलेले, एकाच कंपनीचे, सारख्या चार्जचे हवेत. एक नवा, एक जुना असं घालू नका.

सावध: १८६५० चा धनटोकाचा भाग सोडला तर सगळं अंग ऋण असतं. वेष्टन सोललेला सेल किंवा खिशात किल्ल्या-नाण्यांसोबत टाकलेला सुटा सेल शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतो. सुट्या सेलला प्लास्टिकची डबी हवीच.

घरात लहान मुलं असतील किंवा टॉर्च पाच जणांच्या हातात फिरणार असेल, तर सेल बाहेर न निघणारी किंवा साध्या रिचार्जेबल सेलवर चालणारी टॉर्च घ्या. उजेड कमी मिळेल, पण डोक्याला ताप नाही.

लेड-अॅसिड बॅटरीच्या टॉर्चबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आठवडी बाजारात अजून त्याच जास्त दिसतात. ही बॅटरी रिकामी पडून राहिली की मरते. दिवाळीनंतर कपाटात टाकली आणि मृगाला काढली, तर ती चार्जच होत नाही. ती घ्यायचीच असेल तर वापर असो-नसो, महिन्यातून एकदा चार्ज करा. दुसरं म्हणजे यांतल्या अनेक टॉर्चमधलं चार्जिंगचं सर्किट घरच्या विजेपासून पुरतं विलग नसतं. भिंतीतल्या खटक्याला लावलेली असताना ओल्या हाताने धरू नका, त्या वेळी पेटवू नका, उघडू तर मुळीच नका.

## टप्पा ६: बटण, चार्जिंग, पाणी, रंग

बटण. शेपटाशी असलेलं टचकन वाजणारं बटण वीज खरोखर तोडतं. कडेचं मऊ बटण असेल तर आतलं सर्किट सतत थोडी वीज खात राहतं आणि पिशवीत दाबलं जाऊन टॉर्च आपोआप पेटते. पूर्ण उजेडावर पेटलेली टॉर्च कपड्याला भोक पाडू शकते. अशा टॉर्चचं शेपूट पिशवीत टाकण्यापूर्वी पाव फेरा ढिलं करा. बहुतेक चांगल्या टॉर्चमध्ये तेवढ्याने वीज तुटते.

मोड. तीन पुरेत: मंद, मध्यम, पूर्ण. लुकलुकणारा मोड मधल्या रांगेत येत असेल तर ती टॉर्च घेऊ नका. बांधावर चालताना अचानक उजेड फडफडायला लागला की पाय घसरतो. अगदी मंद, दोन-पाच ल्युमेनचा मोड मात्र असावा. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो आणि एक मोठा झोत ते सगळं घालवतो. भंडारदरा, राजमाची भागात काजवे बघायला जाणार असाल तर हाच मोड जमिनीकडे धरून वापरा. प्रखर उजेडात काजव्यांचं लुकलुकणं विस्कळीत होतं.

चार्जिंग. टाइप-सी भोक आहे म्हणून कोणतीही केबल चालेल असं समजू नका. बऱ्याच स्वस्त टॉर्चमध्ये त्या भोकामागचे दोन छोटे रेझिस्टर वाचवलेले असतात. मग दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या केबलने ती चार्जच होत नाही, आणि लोक बिघडली म्हणून परत पाठवतात. जुन्या मोबाईल चार्जरची चौकोनी तोंडाची केबल लावा, बहुधा चालते.

पाणी. आयपीएक्स४ म्हणजे चहूबाजूंनी शिंतोडे सोसते. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पाटात, चिखलात पडण्याची शक्यता असेल तर ७ किंवा ८ शिवाय घेऊ नका. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण घट्ट बसतं का, ते बघा. पाणी शिरतं ते बहुधा तिथूनच.

उजेडाचा रंग. ६५०० केल्विनचा निळसर उजेड दुकानात जास्त प्रखर भासतो. पण पाचटावरची घोणस किंवा तांबड्या मातीवरचं फुरसं ओळखायला ४००० ते ५००० केल्विनचा, रंग खरे दाखवणारा उजेड चांगला. खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा वर असेल तर रंग नीट दिसतील. त्यासाठी थोडे ल्युमेन गेले तरी चालतील. माती आणि साप यांतला फरक रंगावरच कळतो.

## टप्पा ७: पैशांची वाटणी

एकूण रक्कम आधी ठरवा आणि तिचा पाव ते तिसरा हिस्सा सेलसाठी बाजूला काढा. १५०० रुपये असतील तर सेलला ४००-५०० राखून उरलेल्यात टॉर्च बघा. २००० च्या आसपास असतील तर दोन हलक्या टॉर्च घेण्यापेक्षा मध्यम झोताची एक बरी टॉर्च आणि एक जादा सेल घ्या. पाळी रात्रभराची असेल तेव्हा तो जादा सेलच कामाला येतो. ५०० च्या आत असाल तर लांब झोताचा नाद सोडा आणि साध्या सेलवरची, एका एलईडीची, दणकट टॉर्च घ्या. ती १५-२० मीटर नीट दाखवेल आणि वर्षानुवर्षं चालेल.

कॉन्व्हॉय, सोफिर्न, वर्कोस या चिनी टॉर्चचं जगभरचे शौकीन कौतुक करतात, आणि पैशांच्या मानाने त्या खरंच चांगल्या आहेत. पण जुन्या सल्ल्यांत त्या अलीएक्सप्रेसवरून घ्यायला सांगितलेलं असतं, आणि ते अॅप भारतात नोव्हेंबर २०२० पासून बंद आहे. इथल्या विक्रेत्यांकडे त्या मिळाल्या तर किंमत वाढलेली असते. तरीही वरच्या आकड्यांवर उतरल्या तर घ्या. दुबईहून किंवा अमेरिकेहून कुणी आणणार असेल तर त्याला सांगून ठेवा की सुटे लिथियम सेल विमानात हातातल्या सामानातच, टोकांना झाकण लावून न्यायचे. बुकिंगच्या सामानात ते चालत नाहीत.

## टप्पा ८: परत करण्याची मुदत संपण्याआधी चार तपासण्या

खोकं उघडलं त्याच रात्री या तपासण्या करा. पावती आणि खोकं मुदत संपेपर्यंत टाकू नका.

१. भिंत. अंधाऱ्या खोलीत दोन-तीन मीटरवरून पांढऱ्या भिंतीवर झोत मारा. गोळ्याच्या मधोमध काळसर डाग किंवा एका बाजूला सरकलेला गोळा दिसला तर एलईडी मधे बसलेला नाही. परत करा.

२. मोबाईल कॅमेरा. मंद मोडवर टॉर्च लावून कॅमेऱ्यातून भिंत बघा. सरकते काळे पट्टे दिसले तर उजेड वेगाने लुकलुकतो आहे. पट्टे फिकट असतील तर चालेल, ठळक असतील तर रात्रभर वापरून डोकं दुखेल.

३. लांबी. अँड्रॉइड फोनवर लक्स मोजणारं कोणतंही अॅप घ्या. अंधारात बरोबर ५ मीटरवरून गोळा फोनच्या सेन्सरवर मारा आणि जास्तीत जास्त आकडा लिहा. त्याला २५ ने गुणलं की कँडेला. ४०० लक्स आले तर १०,००० कँडेला, म्हणजे छापील भाषेत २०० मीटर. फोनचे सेन्सर काटेकोर नसतात, थोडा फरक येईल. पण दावा ५०० मीटरचा आणि मोजणी १५० ची, एवढी तफावत लपत नाही.

४. वेळ. सेल पूर्ण चार्ज करा. न्हाणीघरात टॉर्च छताकडे तोंड करून उभी ठेवा, फोन शेजारी पालथा न पडेल असा ठेवा आणि दर पंधरा मिनिटांनी लक्स लिहा. आकडा सुरुवातीच्या निम्म्यावर कधी आला, ती तुमची खरी वेळ. मधेच हात लावून बघा. धरवत नाही इतकी तापून उजेड उतरत नसेल तर तिच्यात तापमान सांभाळणारं सर्किट नाही.

यांतली प्रत्येक तपासणी घराबाहेर न जाता होते. पाचवी बाहेर करायची: टप्पा १ मध्ये लिहिलेल्या 'लांब'च्या जागी कुणाला तरी काळसर कपडे घालून उभं करा आणि हात वर आहे की खाली, हे सांगता येतं का बघा. नाही आलं तर झोत अपुरा आहे, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

## टप्पा ९: हातात कशी धरायची

चांगल्या टॉर्चचाही निम्मा उपयोग चुकीच्या धरण्यामुळे जातो. वाट बघताना टॉर्च कमरेजवळ किंवा त्याखाली, शरीराच्या बाजूला धरा. उजेड खालून आणि तिरका आला की दगड, खड्डा, साप यांची सावली मागे पडते आणि ती वस्तू उठून दिसते. डोळ्यांजवळून उजेड टाकला की सावल्या वस्तूंच्या मागे लपतात आणि जमीन सपाट भासते. डोक्याला बांधायच्या टॉर्चवर चालताना ठेच लागते ती यामुळेच.

फडाची कड चाळताना मात्र उलट करा. टॉर्च डोळ्यांच्या उंचीला, गालाजवळ आणा आणि सावकाश फिरवा. बिबट्या, कुत्रा, मांजर यांच्या डोळ्यांतून परतणारी चमक उजेड जिथून आला तिकडेच परत जाते. टॉर्च कमरेला धरली असेल तर ती चमक तुमच्या डोळ्यांपर्यंत नीट पोचत नाही. चमक दिसली तर पुढे जाऊ नका, वाकू नका. उभे राहून आवाज करत मागे या.

धुक्यात आणि जोराच्या पावसात पूर्ण उजेड लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. मोड मध्यमवर आणा आणि हात शक्य तितका खाली न्या. ढगात शिरलेल्या हरिश्चंद्रगडावर ३०० ल्युमेन खाली धरले तर वाट दिसते, आणि १००० ल्युमेन कपाळावरून मारले तर स्वतःचे बूट दिसत नाहीत.

सावध: समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर झोत जाऊ देऊ नका. काही सेकंद त्याला रस्ता दिसत नाही.

## निगा

पावसाळा सुरू होण्याआधी शेपूट उघडून आटे कोरड्या कापडाने पुसा, रबरी कडीला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा. खोबरेल किंवा गाडीचं ग्रीस नको, रबर फुगतं. चिखलात पडली तर आधी बाहेरून धुवा, मगच उघडा. दोन-तीन महिने वापर नसेल तर लिथियम सेल साधारण निम्मा चार्ज करून बाहेर काढून डबीत ठेवा. पूर्ण भरलेला किंवा पूर्ण रिकामा ठेवू नका. फुगलेला, गळलेला किंवा चार्ज होताना तापणारा सेल पुन्हा वापरू नका. टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू नका.